विश्लेषण : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू आता ‘हौशी’ की पगारदार?

विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याने जाहिरातीतून एक डॉलर कमावला तरी त्याला मैदानाबाहेर काढणारी अमेरिकेतील व्यवस्था पाच वर्षांत पुरती उलटली. आता तिथे विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. मात्र या पैशाला नियम कोण लावणार, यावर राज्ये, न्यायालये, क्रीडा संघटना आणि अमेरिकी काँग्रेस यांच्यात ओढाताण सुरू आहे.

नेमके काय बदलले?

डोनाल्ड दे ला हे हा सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा किकर. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, हे लेखभर लक्षात ठेवायचे.) त्याची यूट्यूबवर वाहिनी होती आणि तिच्यावरच्या जाहिरातींतून त्याला थोडीफार कमाई होत असे. २०१७ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने त्याच्यापुढे अट ठेवली : खेळाडू म्हणून स्वतःची ओळख दाखवणाऱ्या चित्रफितींतून पैसे मिळवायचे नाहीत. त्याने अट नाकारली. तो संघासाठी अपात्र ठरला आणि शिष्यवृत्तीही गेली.

चार वर्षांनी, १ जुलै २०२१ रोजी, फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या हॅना आणि हेली कॅव्हिंडर या जुळ्या बास्केटबॉलपटू बहिणी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या जाहिरात फलकावर झळकल्या. एका मोबाइल सेवा कंपनीशी त्यांनी करार केला होता. त्याच दिवशी नवा नियम लागू झाला होता. ज्या गोष्टीसाठी दे ला हेचे करिअर संपले, ती आता वैध होती.

या व्यवस्थेला अमेरिकेत ‘एनआयएल’ म्हणतात. नेम, इमेज, लाइकनेस या तीन शब्दांची ही आद्याक्षरे. म्हणजे स्वतःचे नाव, छबी आणि ओळख यांचा व्यावसायिक वापर करण्याचा हक्क. जाहिरात करणे, स्वाक्षऱ्या देणे, समाजमाध्यमांवर एखाद्या वस्तूची भलामण करणे, लहान मुलांची शिबिरे घेणे, हे सारे त्यात आले. सामान्य विद्यार्थ्याला हा हक्क आधीपासून होताच. संगीत शिकणारा विद्यार्थी संध्याकाळी कार्यक्रम करून पैसे घेऊ शकत होता. बंदी होती ती फक्त खेळाडूंवर.

‘हौशी’पणाचा आग्रह कुठून आला?

महाविद्यालयीन खेळांची ही संघटना १९०६ पासूनची. आज तिच्याशी सुमारे अकराशे शिक्षणसंस्था आणि पाच लाखांहून अधिक खेळाडू जोडलेले आहेत. खेळाडूने पैशासाठी खेळू नये, शिक्षण घेता घेता खेळावे, हे तिचे मूळ तत्त्व. ते ब्रिटिश उमरावी कल्पनेतून आलेले होते. इंग्लंडच्या क्रिकेटमध्येही १९६२ पर्यंत ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर’ असा भेद अधिकृतपणे पाळला जात होता.

पण अमेरिकेत या तत्त्वाला एक रोकडी बाजूही होती. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका छोट्या महाविद्यालयाचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार भरपाईचा दावा केला. खेळाडू हा महाविद्यालयाचा कर्मचारी ठरला, तर प्रत्येक मोडलेल्या हाडाची भरपाई संस्थांना द्यावी लागणार होती. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. याच काळात संघटनेने ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. नियमांत, पत्रकांत, मुलाखतींत सगळीकडे तोच वापरायचा. खेळाडू म्हणजे कर्मचारी नव्हे, हे ठसवण्यासाठीच तो घडवला गेला होता. याची कबुली संघटनेचे १९५१ ते १९८८ अशी ३७ वर्षे कार्यकारी संचालक असलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात दिली. ज्याने ही भिंत बांधली त्यानेच निवृत्तीनंतर तिला शोषण म्हणावे, हा या कथेतला सर्वांत बोलका भाग.

भिंतीच्या आतला व्यवहार मात्र हौशी राहिला नव्हता. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या, म्हणजे ‘मार्च मॅडनेस’च्या, प्रक्षेपण हक्कांचा २०१६ मध्ये वाढवलेला करार २०२५ ते २०३२ या वर्षांसाठी ८.८ अब्ज डॉलरचा आहे. ‘बिग टेन’ या एका विद्यापीठगटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारी व्यक्ती राज्यपाल नसते, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना मुदतीआधी घरी पाठवले, तेव्हा करारानुसार त्यांना काही काम न करता सुमारे साडेसात कोटी डॉलर, म्हणजे सहाशे कोटी रुपयांहून अधिक, देणे लागत होते.

आणि खेळाडू? २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता, की काही रात्री तो उपाशीपोटी झोपतो. त्या वक्तव्यानंतर काही दिवसांतच संघटनेने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली.

न्यायालयांनी काय केले?

पहिला मोठा धक्का एका व्हिडीओ गेमने दिला. यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एका परिचिताच्या घरी खेळात स्वतःलाच पाहिले : तीच उंची, तोच क्रमांक, तोच डावखुरा फटका. फक्त नाव नव्हते, आणि मोबदलाही नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा ठोकला. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी संघटनेचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात, असा निकाल दिला. हे नाव लक्षात ठेवावे. पुढची दहा वर्षे या विषयातले महत्त्वाचे कागद त्यांच्याच टेबलावरून गेले.

दुसरा धक्का कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचा. खेळाडूंना जाहिरातींतून कमावू देण्यास मज्जाव करणाऱ्या नियमालाच बेकायदा ठरवणाऱ्या विधेयकावर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये स्वाक्षरी केली, तीही लेब्रॉन जेम्सच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बसून. मग इतर राज्यांना थांबणे परवडेना. शेजारच्या राज्यात खेळाडूला कमाई करता येते आणि आपल्याकडे नाही, असे झाले तर चांगला खेळाडू तिकडे जाणार, हे उघड होते. फ्लोरिडासह काही राज्यांचे कायदे १ जुलै २०२१ पासून लागू व्हायचे होते.

त्याच्या दहा दिवस आधी, २१ जून २०२१ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात ९-० असा निकाल दिला. वाद तसा मर्यादित होता : संगणक, पदव्युत्तर शिष्यवृत्ती, सशुल्क प्रशिक्षण अशा शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटना मर्यादा घालू शकते का? न्यायालय म्हणाले, नाही. जाहिरातींच्या प्रश्नाला या निकालाने हात घातलाच नव्हता. पण न्या. ब्रेट कॅव्हेनॉ यांनी वेगळ्या सहमतीपत्रात लिहिले ते संघटनेच्या वकिलांची झोप उडवणारे होते. बाजारभावाने मजुरी न देण्यालाच आपल्या उत्पादनाचे वैशिष्ट्य म्हणवून घेणे अन्य कोणत्याही उद्योगाला माफ झाले नसते, असा त्यांचा आशय होता. इशारा पुरेसा होता. ३० जून रोजी संघटनेने स्वतःच बंदी मागे घेतली आणि ‘तात्पुरते धोरण’ जाहीर केले. हे धोरण जेमतेम काही ओळींचे होते आणि बराचसा भार त्याने राज्यांच्या कायद्यांवर टाकला होता.

मग गोंधळ कशामुळे झाला?

बहुतेकांची कल्पना अशी होती की नामवंत खेळाडू बुटांच्या, शीतपेयांच्या जाहिराती करतील. तसे झालेही. आयोवाची केटलिन क्लार्क विद्यापीठात असतानाच नायकी आणि गेटोरेड यांच्याशी करारबद्ध होती, लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट लिव्ही डन समाजमाध्यमांवरील कोट्यवधी अनुयायांच्या जोरावर सर्वाधिक कमावणाऱ्यांत गणली गेली. परंतु मोठा पैसा या दरवाजाने आलाच नाही.

तो आला ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या संस्थांमार्फत. विद्यापीठाचे धनाढ्य माजी विद्यार्थी आणि चाहते वर्गणी काढून निधी उभा करतात आणि हा निधी खेळाडूंशी ‘जाहिरात’ करार करतो. एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी दोन ओळी लिहायच्या आणि लाखो डॉलर घ्यायचे. कागदावर ती प्रसिद्धी; प्रत्यक्षात आमच्या विद्यापीठाकडून खेळ म्हणून दिलेला पगार. आपल्याकडे दहीहंडीच्या मंडळांत चालणारी पळवापळवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

याच सुमारास विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. पूर्वी संघ बदलणाऱ्याला बहुतेक मोठ्या खेळांत वर्षभर बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एका बदलीसाठी ही अट गेली, २०२४ मध्ये कितीही बदल्यांसाठी गेली. पैसा आणि मोकळीक एकत्र आल्यावर दर हंगामानंतर अर्धा संघ बाजारात उभा राहू लागला. टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक निको इमालियावा एप्रिल २०२५ मध्ये मोबदल्याच्या वादातून संघ सोडून यूसीएलएकडे गेला. नेवाडातील लास व्हेगास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका याने सप्टेंबर २०२४ मध्ये संघ अपराजित असताना, तीन सामन्यांनंतर खेळणे थांबवले. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते आणि विद्यापीठाने तसा शब्द दिल्याचे नाकारले. जेडन रशाडा याला फ्लोरिडाकडून खेळण्यासाठी देऊ केलेला सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार ऐनवेळी फिस्कटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अठरा-एकोणीस वर्षांची मुले, तोंडी आश्वासने, नोंदणी नसलेले दलाल आणि लिखित करारात बारीक अक्षरांतली कलमे, असे हे चित्र आहे.

संघटनेने चाप लावायचा प्रयत्न केला नाही असे नाही. टेनेसीवर चौकशी बसवली, तर टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांच्या महाधिवक्त्यांनी संघटनेलाच न्यायालयात खेचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली आणि भरतीसाठी पैशाचे आमिष दाखवण्यावरची बंदी लटकली. दुसरीकडे अलाबामाने २०२२ मध्ये आपलाच कायदा रद्द केला, कारण तो शेजाऱ्यांपेक्षा कडक निघाला. राज्यांची स्पर्धा कुणाचा कायदा अधिक सैल, याची आहे.

‘हाउस’ तडजोड काय आहे?

अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस आणि बास्केटबॉलपटू सेडोना प्रिन्स यांनी २०२० मध्ये दाखल केलेल्या दाव्याचा शेवट ६ जून २०२५ रोजी झाला. न्यायाधीश पुन्हा विल्केनच. तडजोडीनुसार २०१६ पासूनच्या खेळाडूंना गमावलेल्या कमाईपोटी दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळायचे आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली. २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलरची, म्हणजे साधारण १८० कोटी रुपयांची आहे.

बाहेरच्यांकडून मिळणाऱ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ ही नवी यंत्रणा आली. ६०० डॉलरपेक्षा मोठा प्रत्येक करार खेळाडूने डेलॉइटने चालवलेल्या संकेतस्थळावर नोंदवायचा. त्यामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, हे तिथे तपासले जाते. यंत्रणा सुरू होऊन महिना उलटण्याआधीच चाहत्यांच्या निधीसंस्थांचे करार नाकारण्यावरून वाद पेटला आणि आयोगाला निकष सैल करावे लागले. एखाद्या खेळाडूच्या छबीचा ‘वाजवी’ भाव एका लेखापाल कंपनीने कसा ठरवायचा, हा प्रश्न तसाच आहे.

या तडजोडीची एक बाजू कमी चर्चिली गेली. शिष्यवृत्तींवरच्या मर्यादा जाऊन त्यांच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आल्या. फुटबॉल संघात १०५ खेळाडू, त्याहून एकही जास्त नाही. शिष्यवृत्तीविना, केवळ आवडीने सराव करणाऱ्या मुलांना याचा फटका बसला. शब्दाच्या खऱ्या अर्थाने हौशी होती ती हीच मुले. अनेकांना तडजोड मंजूर होण्याआधीच नारळ मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये विल्केन यांनी मंजुरी रोखून धरली ती याच मुद्द्यावर. अशा खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवण्याची तरतूद झाल्यावरच त्यांनी सही केली. तरी पैशाची तोंडमिळवणी कुठून तरी करावी लागतेच. कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये जलतरण आणि डायव्हिंगचे संघ बंद केले, आणि कारणांत या तडजोडीचा उल्लेख केला. जलतरणपटूच्या नावाने झालेल्या खटल्याचा हा शेवट.

महिला खेळाडूंचे काय?

इथे गणित सरळ आहे आणि अस्वस्थ करणारे आहे. भरपाईच्या रकमेतील सुमारे ९० टक्के वाटा मोठ्या गटांतील फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलपटूंना जातो, महिला बास्केटबॉलला पाच टक्के, उरलेल्या सर्वांना मिळून पाच टक्के. अनेक विद्यापीठांनी थेट वाट्यासाठीही तेच प्रमाण घेतले. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा या पैशाला लागू होतो का? बायडेन प्रशासनाच्या शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये जाता जाता ‘होय’ म्हटले. ट्रम्प प्रशासनाने फेब्रुवारीत ते मार्गदर्शन मागे घेतले. तडजोड मंजूर होताच आठ महिला खेळाडूंनी याच मुद्द्यावर अपील केले आणि भरपाईचे वाटप अडले.

बाजारात ज्याला मागणी त्याला पैसा, हा युक्तिवाद जाहिरातींबाबत मान्य करता येईल. पण विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून देते, तेव्हा ते बाजाराच्या आड लपू शकत नाही.

भारतीय खेळाडूंशी याचा संबंध काय?

दर वर्षी हजारो परदेशी मुले-मुली खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जातात. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये महाविद्यालयीन टेनिसचे एकेरीचे विजेतेपद मिळवले होते. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून खेळताना २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत विजेता ठरला. आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमची. प्रशिक्षकाला घरी बसवण्यासाठी सहाशे कोटी मोजायला तयार झालेले विद्यापीठ ते हेच.

या मुलांना नव्या पैशाचा फायदा फारसा नाही. ‘एफ-१’ विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेत काम करून कमाई करण्यावर कडक बंधने आहेत. जाहिरातीचे चित्रीकरण हे ‘काम’ धरले गेले, तर व्हिसाच धोक्यात येतो. म्हणून अनेक परदेशी खेळाडू असे चित्रीकरण मायदेशी गेल्यावर उरकतात, किंवा मोहातच पडत नाहीत. विद्यापीठाने थेट दिलेल्या वाट्याचे काय, याचे स्पष्ट उत्तर स्थलांतर खात्याने दिलेले नाही. लिओं मार्शां हा फ्रेंच जलतरणपटू अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये घडला आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णे घेऊन गेला. अशा खेळांसाठीच्या शिष्यवृत्त्या फुटबॉलच्या पैशावर चालतात. तो पैसा आता फुटबॉलपटूंकडे वळला, तर टेनिस, जलतरण, अ‍ॅथलेटिक्सच्या संघांत जागा कमी होणार आणि नाशिक-पुण्याच्या मुलामुलींना त्याची झळ जाहिरातींच्या कमाईपेक्षा आधी लागणार.

काँग्रेससमोर कोणते प्रस्ताव आहेत?

संघटनेला आणि बड्या विद्यापीठांना वॉशिंग्टनकडून तीन गोष्टी हव्या आहेत. पन्नास राज्यांच्या कायद्यांवर मात करणारा एकच संघीय कायदा. मक्तेदारीविरोधी खटल्यांपासून संरक्षण. आणि खेळाडू हे कर्मचारी नाहीत, असे कायद्यात लिहून मिळणे. जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात आलेले ‘स्कोअर’ विधेयक या तिन्ही गोष्टी देते. बदल्यात विद्यापीठांनी किमान १६ खेळांचे संघ टिकवावेत, शैक्षणिक आणि वैद्यकीय साह्य द्यावे, दलालांच्या वाट्यावर मर्यादा असावी, अशा अटी त्यात आहेत.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची, कारण न्यायालये उलट दिशेने सरकत आहेत. जुलै २०२४ मध्ये थर्ड सर्किट अपील न्यायालयाने खेळाडू वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, असे म्हटले. त्याआधी मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापन करण्याचा कौल दिला. वर्षअखेरीस, प्रतिकूल कामगार मंडळ येणार हे दिसताच, त्यांनी अर्ज मागे घेतला. रे डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न सत्तर वर्षांनी तसाच उभा आहे, आणि ‘स्कोअर’ विधेयकाला तो कायमचा मिटवायचा आहे. व्यवस्थेला स्थैर्य हवे हे खरे. पण वेतनाची मर्यादा मालकांनी ठरवायची, खटल्याचा मार्ग बंद करायचा आणि संघटना करण्याचा हक्कही द्यायचा नाही, असे स्थैर्य अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक लीगला मिळालेले नाही. तिथे मर्यादा आहेत, त्या खेळाडू संघटनांशी वाटाघाटी करून आलेल्या.

डेमोक्रॅट सिनेटर मारिया कँटवेल, कोरी बुकर आणि रिचर्ड ब्लुमेंथाल यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या ‘सेफ’ विधेयकाची वाट निराळी आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यात बदल करून विद्यापीठांना प्रक्षेपण हक्क एकत्र विकू द्यावेत आणि वाढीव पैशातून महिलांचे व ऑलिम्पिक खेळ जगवावेत, असे ते सुचवते. बड्या गटांना ही कल्पना रुचलेली नाही. अध्यक्ष ट्रम्प यांनी २४ जुलै २०२५ रोजी काढलेल्या आदेशात बाहेरच्यांकडून ‘खेळण्याचे पैसे’ देण्याला विरोध आहे आणि श्रीमंत विद्यापीठांनी महिला व इतर खेळांच्या शिष्यवृत्त्या वाढवाव्यात असे म्हटले आहे. मात्र असा आदेश काढून मक्तेदारीविरोधी कायद्यातून कुणाला सूट देता येत नाही. ते काम काँग्रेसचेच.

तिथे घोडे अडले आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ‘स्कोअर’ विधेयक मतदानाला येणार होते. कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींच्या गटाचा विरोध होताच. रिपब्लिकन पक्षातल्याही काहींनी पाठ फिरवल्यावर मतदान ऐनवेळी मागे घेतले गेले. ते प्रतिनिधिगृहात संमत झाले तरी सिनेटमध्ये ६० मते लागतात, म्हणजे काही डेमोक्रॅट वळवल्याशिवाय मार्ग नाही. दरम्यान, आयोगाचे निर्णय मान्य करू, खटला भरणार नाही, अशा करारावर बड्या गटांतील विद्यापीठांनी सह्या कराव्यात म्हणून आयोग आग्रही आहे आणि टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी आपल्या विद्यापीठांना सही करू नका असे बजावले आहे. तडजोडीतील तरतुदीनुसार विद्यापीठांच्या खर्चाची मर्यादा १ जुलै २०२६ पासून आणखी चार टक्क्यांनी वाढते.